वाटचुक्या पक्ष्यांची ओळख

ऋतु पालटला कीं लक्षावधि पक्षी ठरलेल्या वाटेनें ठरलेल्या मुलखास जातात, आणि तो सरला म्हणजे परत येतात. त्यांच्याविषयीं हा लेख नाहीं. दर वर्षी कांहीं थोडे पक्षी वादळामुळें, कोंवळ्या वयाच्या अननुभवामुळें किंवा दिशा ओळखण्याच्या शक्तींत झालेल्या बिघाडामुळें आपल्या जातीच्या प्रदेशापासून हजारों किलोमीटर दूर, जेथें त्यांचें कोणी नाहीं अशा ठिकाणीं जाऊन पडतात. अशांना आपण वाटचुके पक्षी म्हणूं. असा एखादा पक्षी एका गांवीं दिसतो, चार दिवसांनीं नाहींसा होतो, आणि तीन महिन्यांनीं दूरच्या दुसऱ्या गांवीं त्याच जातीचा पक्षी दिसल्याची वार्ता येते. तेव्हां प्रश्न उभा राहतो : हा तोच कीं दुसरा?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा आहे असें कोणास वाटेल; पण तसें नाहीं. एकच पक्षी पांच ठिकाणीं दिसला आणि त्याची गणना पांच अशी झाली, तर ती जात आपलें क्षेत्र वाढवीत आहे असें खोटें अनुमान निघेल. उलट, पांच निरनिराळे पक्षी आले असतां ते एकच समजले गेले, तर हवामानांत किंवा अन्नपुरवठ्यांत होत असलेला खरा फरक कोणाच्या लक्षांत येणार नाहीं. पक्षिशास्त्रांतील नोंदवह्यांचें मोल त्यांतील एकेका नोंदीच्या खरेपणावर अवलंबून असतें. आणि वाटचुक्या पक्ष्यांच्या बाबतींत सगळी नोंदवही दोनचार ओळींचीच असल्यामुळें एका ओळीची चूक फार जड जाते.

मनुष्याप्रमाणें पक्ष्यास नांवगांव विचारतां येत नाहीं. त्याच्या पायांत क्रमांकाचें कडें असेल तर काम सोपें होतें. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग येथील शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनीं १८९९ सालीं स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचीं अंकित कडीं घालून सोडलीं, तेव्हांपासून ही पद्धति शास्त्रशुद्ध रीतीनें चालू झाली. परंतु कडें घालण्यासाठीं पक्षी आधीं हातीं लागावा लागतो, आणि वाटचुका पक्षी बहुधा अशा मुलखांतून येतो, जेथें त्यास कोणीं धरलेलें नसतें. मग उरतात तीं त्याचीं पिसें.

पिसांचा पुरावा कितपत खात्रीचा, हें समजण्यासाठीं पीस म्हणजे काय तें थोडें नीट पाहिलें पाहिजे. आपल्या नखांप्रमाणें व केसांप्रमाणें पीस हें केराटिन नांवाच्या द्रव्याचें बनलेलें असतें. त्वचेंतील एका बारीक कूपांतून तें वाढतें. वाढत असतांना त्यास रक्ताचा पुरवठा असतो आणि त्याच वेळीं त्यांत रंगद्रव्य भरलें जातें. वाढ पुरी झाली कीं रक्तपुरवठा बंद होतो, व यापुढें तें पीस निर्जीव वस्तु होय. फळ पिकतांना रंग बदलतें तसा पुरें वाढलेल्या पिसास आंतून नवा रंग येत नाहीं. त्यावर जो ठिपका, पट्टा किंवा डाग उमटला, तो पीस गळून पडेपर्यंत तेथेंच राहतो. उन्हानें तो फिका पडेल, घासून त्याची कड झिजेल, पण डाग आपली जागा सोडणार नाहीं. पक्षी ओळखण्याच्या या सर्व विद्येचा पाया एवढाच आहे.

वाढीच्या काळाच्या आणखीही खुणा पिसावर राहतात. ताजें पीस तिरप्या उजेडांत धरून पाहिलें तर त्यावर आडवे, अत्यंत पुसट, एकाआड एक फिके व गडद असे पट्टे दिसतात. अशी एक जोडी म्हणजे सुमारें एका अहोरात्राची वाढ. म्हणजे पिसानें आपली रोजनिशी स्वतःच लिहून ठेविलेली असते! वाढीच्या दिवसांत पक्ष्याची उपासमार झाली किंवा त्यास मोठा धक्का बसला, तर त्या दिवसाच्या जागीं पीस पातळ व दुबळें राहतें, आणि पुढें बहुधा तेथेंच मोडतें. घरट्यांतील पिलाचीं शेपटीचीं सर्व पिसें एकदम वाढत असल्यामुळें ही दुबळी रेघ सगळ्या पिसांवर एका ओळींत येते. मोठ्या पक्ष्याचीं पिसें निरनिराळ्या वेळीं येतात, म्हणून त्याच्या शेपटींत अशी सरळ ओळ सांपडत नाहीं. दुर्बिणींतून हें सारें दिसत नाहीं हें खरें. पक्षी हातीं असेल तेव्हांच याचा उपयोग.

रंगाचा पिसाच्या बळकटीशीं संबंध असतो, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. काळ्या रंगाचें द्रव्य, ज्यास मेलॅनिन म्हणतात, तें पिसास चिवट करतें. पांढरें पीस त्या मानानें लौकर झिजतें. हिंवाळ्यांत मुंबईच्या व कोंकणच्या किनाऱ्यावर येणारे तपकिरी डोक्याचे कुरव आपण पाहिले असतील. त्यांच्या पंखांचीं टोकें काळीं असून त्या काळ्या भागांत पांढरे टिकले असतात. समुद्रपक्ष्यांपैकीं अनेकांच्या पंखांचीं टोकें काळीं कां, याचें एक कारण या चिवटपणांत आहे. ओळख पटविणाऱ्यानें यावरून एवढा बोध घ्यावा कीं, टोंकाजवळचा बारीक पांढरा ठिपका चार महिन्यांनीं दिसला नाहीं तर पक्षी दुसरा असें लगेच म्हणूं नये. तो झिजून गेला असेल. काळा डाग मात्र तसा सहज नाहींसा होत नाहीं.

आतां अडचण अशी कीं, पिसें कायमचीं नसतात. तीं झडतात व त्यांच्या जागीं नवीं येतात. लहान पक्षी बहुधा वर्षांतून एकदां सर्व पिसें बदलून टाकतात. गरुडासारख्या मोठ्या पक्ष्यांस उडण्याचीं सगळीं पिसें बदलण्यास एका वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून त्यांच्या एकाच पंखांत नवीं काळीभोर व जुनीं विटकीं पिसें शेजारीं शेजारीं दिसतात. मोडलेलें पीस, फाटलेली कड, चिखलाचा डाग या खुणा त्या पिसाबरोबरच जातात. परंतु ज्या कूपांतून पांढरें पीस उगवतें, त्यांतून पुढच्या वर्षींही पुष्कळदां पांढरेंच उगवतें. म्हणून जन्मजात रंगाची खूण अनेक वर्षें टिकूं शकते. अपघाताची खूण फार तर एक हंगाम.

येथें काळाच्या दिशेचा विचार फार उपयोगी पडतो. मे महिन्यांत एका पक्ष्याचें डाव्या पंखांतील पीस अर्धें मोडलेलें दिसलें, आणि जुलैमध्यें त्याच जागीं कोरें, अखंड पीस दिसलें, तर तो तोच पक्षी असूं शकतो. मधल्या काळांत मोडकें पीस झडलें व नवें आलें. पण मे महिन्यांत अखंड असलेलें पीस जूनमध्यें अखंडच, मात्र अधिक जुनें, विटकें व झिजलेलें दिसलें, आणि शेजारचें पीस जें मे महिन्यांत जुनें होतें तें अजून जुनेंच आहे, तर तेंही जुळतें. परंतु मे महिन्यांत जेथें नवें कोरें पीस होतें, तेथें दोन आठवड्यांनीं वर्षभराचें झिजलेलें पीस दिसलें, तर तो पक्षी दुसराच. नवें जुनें होईल, पण पंधरा दिवसांत वर्षाचें होणार नाहीं. आणि मोडलेलें पीस सांधलें तर कधींच जात नाहीं.

या विद्येचें एक उत्तम उदाहरण २०१८ सालीं अमेरिकेंत घडलें. ग्रेट ब्लॅक हॉक, म्हणजे मोठा काळा ससाणा, ही मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या उष्ण प्रदेशांतील जात. खेकडे, बेडूक, सरडे, पक्ष्यांचीं अंडीं हें त्याचें खाद्य. एप्रिल २०१८ मध्यें टेक्सस राज्याच्या दक्षिण टोंकाशीं असलेल्या साउथ पाद्रे नांवाच्या बेटावर या जातीचा एक अल्पवयी पक्षी उडतांना दिसला व त्याचीं छायाचित्रें घेतलीं गेलीं. संयुक्त संस्थानांतील ही त्या जातीची पहिली निर्विवाद नोंद होय. त्यानंतर ऑगस्ट महिन्यांत देशाच्या अगदीं ईशान्य कोपऱ्यांत, मेन राज्यांतील बिडफोर्ड येथें, याच जातीचा अल्पवयी पक्षी दिसला. या दोन ठिकाणांमध्यें सरळ रेषेंत सुमारें तीन हजार किलोमीटरांचें अंतर आहे.

ज्या जातीचा एकही पक्षी पूर्वीं निर्विवादपणें त्या देशांत आला नव्हता, तिचे दोन पक्षी एकाच वर्षीं यावे हें अशक्य नव्हे, पण विरळा. तथापि केवळ विरळेपणावरून निकाल देणें बरें नाहीं. निकाल पिसांनीं दिला. या जातीचा पूर्ण वाढलेला पक्षी कोळशासारखा काळा, शेपटीवर पांढरा पट्टा असलेला असतो. त्यांत एकास दुसऱ्यापासून ओळखणें दुरापास्त. परंतु कोंवळ्या पक्ष्याचा वेष तपकिरी व पिवळसर असून त्यावर असंख्य ठिपके, रेघा व ओघळ असतात. पंख पसरला असतां खालच्या बाजूस उडण्याच्या लांब पिसांच्या मुळाशीं जीं लहान आच्छादक पिसें असतात, त्यांतील प्रत्येकावर गडद डाग असतो. कोठें बदामाच्या आकाराचा, कोठें तुटक रेघेसारखा, कोठें दोन डाग एकमेकांस चिकटलेले. टेक्ससचें व मेनचें छायाचित्र शेजारीं ठेवून हे डाग ताडून पाहण्यांत आले आणि ते जुळले. एखाददुसरा डाग योगायोगानें जुळेल; डागांची सबंध रांग, त्याच क्रमानें व त्याच अंतरानें, जुळणार नाहीं. तो एकच पक्षी होता.

पुढील हकीकत सुखाची नाहीं. नोव्हेंबरच्या अखेरीस तो पक्षी त्याच राज्यांतील पोर्टलंड शहरांत, डीअरिंग ओक्स नांवाच्या सार्वजनिक उद्यानांत प्रगट झाला. तेथील खारी मारून तो आपला निर्वाह करूं लागला, आणि त्यास पाहण्यासाठीं दूरदूरचे लोक बर्फांत उभे राहूं लागले. उष्ण प्रदेशाच्या त्या पक्ष्याचे पाय लांब व उघडे. हिमघुबडाच्या पायांसारखे ते पिसांनीं झांकलेले नव्हते. जानेवारी २०१९ मध्यें एका हिमवादळांत तो जमिनीवर पडलेला सांपडला. पक्ष्यांच्या शुश्रूषागृहांत त्यास नेण्यांत आलें. परंतु हिमदंशानें पाय इतके गेले होते कीं, ते बरे होण्याची आशा नव्हती, आणि त्या महिन्याच्या अखेरीस त्याच्या यातनांचा अंत करण्यांत आला. पिसांवरील डागांनीं ओळख पटली नसती तर तो उद्यानांतील एक निनांवी पाहुणा ठरला असता. ओळख पटली म्हणून उष्ण कटिबंधांतील एक पक्षी एका वर्षाच्या आंत टेक्सासच्या समुद्रकांठापासून मेनच्या बर्फापर्यंत गेला, ही वस्तुस्थिति नोंदली गेली. त्या उद्यानांत आतां त्याचा पुतळा आहे.

अल्पवयी पक्षी ओळखणें एका अर्थीं सोपें. त्याच्या वेषांतच चित्रविचित्र खुणा असतात. पूर्ण वाढ झालेल्या, ठळक दोन रंगांच्या पक्ष्याचें काय? याचें उत्तर दुसऱ्या एका प्रवाशानें दिलें आहे. स्टेलरचा समुद्र-गरुड हा जगांतील अत्यंत वजनदार गरुडांपैकीं एक. वजन पांच ते नऊ किलोग्रॅम, पसरलेल्या पंखांची रुंदी दोन ते अडीच मीटर. कामचाटका द्वीपकल्प, ओखोट्स्क समुद्राचा किनारा आणि आमूर नदीचें मुख हें त्याचें घर. हिंवाळ्यांत पुष्कळ गरुड जपानांतील होक्काइदो बेटावर उतरतात. बेरिंगच्या सफरीवर गेलेला निसर्गशास्त्रज्ञ गेओर्ग व्हिल्हेल्म स्टेलर (१७०९–१७४६) याचें नांव त्यास दिलेलें आहे. सर्व जगांत या जातीचे अवघे चारपांच हजार पक्षी असतील. प्रौढ गरुडाचें अंग काळसर तपकिरी. खांदे, मांड्या, कपाळ व शेपूट पांढरीं शुभ्र. आणि चोंच तर इतकी मोठी व पिवळी कीं ती उसनी आणून बसविली आहे असें वाटावें. बहुतेक समुद्र-गरुडांच्या शेपटींत बारा पिसें असतात, याच्या शेपटींत चौदा.

ऑगस्ट २०२० मध्यें अलास्काच्या अंतर्भागांत, डेनाली महामार्गाजवळ असा एक गरुड दिसला. मार्च २०२१ मध्यें टेक्ससमध्यें एक दिसला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत कॅनडाच्या पूर्व भागांत, क्वेबेक व न्यू ब्रन्सविक प्रांतांत. नोव्हेंबरांत नोव्हा स्कोशियांत. डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्सच्या टाँटन नदीवर. आणि वर्ष संपतां संपतां मेनच्या किनाऱ्यावर. पुढें तो न्यूफाउंडलंडमध्यें राहूं लागला, व २०२३ च्या फेब्रुवारींत पुन्हां मेनमध्यें येऊन गेला. मेनपासून कामचाटका सात हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

हे सगळे एकच कशावरून? खांद्यावरील पांढऱ्या भागाची कड प्रत्येक गरुडांत थोडी निराळी असते. आणि या गरुडाच्या पंखांवर, जेथें एरवीं सर्व पिसें काळीं असावीं अशा जागीं, कांहीं पांढऱ्या खुणा होत्या. अलास्कांतील उडत्या पक्ष्याच्या छायाचित्रांत ज्या खुणा होत्या त्याच पूर्वेकडील छायाचित्रांत दिसल्या. टेक्ससच्या बाबतींत मात्र एवढी निश्चिति नाहीं. काळाच्या व अंतराच्या हिशेबानें तो तोच असावा असें मानलें जातें. पण पंख पसरलेलें स्पष्ट चित्र ताडून पाहण्यास नसेल, तर "असावा" या शब्दाच्या पुढें जाऊं नये. माझ्या मतें या सबंध प्रकरणांत शिकण्यासारखें जें आहे तें या एका शब्दांतच आहे.

ज्यांच्या अंगावर अशी एकही खूण नाहीं त्यांची गोष्ट याहून अवघड. काळ्या भुंवयांचा अल्बाट्रॉस हा दक्षिण गोलार्धांतील समुद्रपक्षी. तसा एक पक्षी १९६७ सालीं स्कॉटलंडच्या बास रॉक या खडकावर गॅनेट पक्ष्यांच्या वसाहतींत आला, आणि १९७२ पासून पुढें बरींच वर्षें शेटलंड बेटांतील हरमनेस येथें एक दिसत राहिला. जोडीदार मिळण्याची सुतराम आशा नसतांना तो तेथें घरटें करी. दोन्ही ठिकाणचा पक्षी एकच, असें बहुतेकांनीं धरलें; आणि तें बरोबर असण्याचा संभव पुष्कळ आहे. पण त्याचें कारण पिसें नव्हेत. असा पक्षी उत्तरेंत इतका दुर्मिळ कीं दोन असणें कठीण, एवढेंच. हें अनुमान झालें, ओळख नव्हे.

इंग्लंडमध्यें स्लिमब्रिज येथें पीटर स्कॉट यांनीं १९६४ सालीं दाखवून दिलें कीं, तेथें हिंवाळ्यास येणाऱ्या बेविकच्या हंसांपैकीं प्रत्येकाच्या चोंचीवरील पिवळ्या व काळ्या रंगाची मांडणी निराळी असते. चित्रें काढून, नांवें ठेवून त्यांनीं एकेका हंसाचा वर्षानुवर्षांचा वृत्तांत राखिला. चोंच पिसांप्रमाणें दर वर्षी झडत नाहीं, हा तेथें मोठा लाभ.

छायाचित्रांवर विसंबणाऱ्यास कांहीं सूचना अवश्य आहेत. डाव्या पंखाचें चित्र उजव्या पंखाच्या चित्राशीं ताडूं नये. मनुष्याच्या दोन तळहातांप्रमाणें पक्ष्याच्याही दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. चित्र छापतांना उलटें तर झालें नाहीं ना, हें आधीं पाहावें. पांढऱ्या भागावर ऊन पडलें असतां तो चित्रांत फुगून मोठा दिसतो, व सांवलींत आक्रसतो. पंख थोडा मिटला कीं एका पिसाखालीं दुसरें सरकतें आणि दोन डागांचा एक होतो. म्हणून आकारापेक्षां मोजणी भरंवशाची. टोंकाकडून चौथ्या पिसावर डाग आहे कीं पांचव्या, हें ऊन बदलूं शकत नाहीं. शेवटची गोष्ट, जुळणाऱ्या दहा खुणांपेक्षां न जुळणारी एक खूण अधिक बलवान, जर ती झिजेनें, झडीनें किंवा उजेडानें समजावून देतां येत नसेल तर. हौशी निरीक्षक जुळणाऱ्या खुणा शोधतो; चांगला निरीक्षक न जुळणारी शोधतो आणि ती सांपडली नाहीं म्हणजे मगच बोलतो.

विद्यार्थ्यांनीं यासाठीं अलास्कास जाण्याचें कारण नाहीं. आपल्या शाळेच्या पटांगणावर मधल्या सुटींत घारी घिरट्या घालतात. त्यांच्या पंखाच्या टोंकाशीं हाताच्या बोटांप्रमाणें फांकलेलीं लांब पिसें स्पष्ट दिसतात, आणि पिसें झडण्याच्या दिवसांत त्यांत खांचा पडतात. दहा पिसांपैकीं कोणतें नाहीं, डाव्या पंखांत कीं उजव्या, शेपटीच्या कोणत्या बाजूचें टोंक झिजलें आहे, एवढें एका वहींत रोज तारीख घालून उतरून ठेवावें. चित्र सुंदर असण्याची गरज नाहीं. एक साधी पंखाची आकृति काढून तींत रिकाम्या जागीं फुली केली तरी पुरे. आठ दिवसांत आपल्या डोक्यावर तीन घारी फिरतात कीं सहा, हें सांगतां येईल. महिन्याभरानें एखादी खांच हळूहळू भरत असलेली दिसेल, कारण नवें पीस शेजारच्या पिसाच्या आडून थोडें थोडें डोकें वर काढतें. आणि त्याच वेळीं तिच्या शेजारीं नवी खांच पडेल. तेव्हां वहींतील आधींच्या पानाशीं ताडून पाहावें, आणि ती घार तीच आहे कीं नाहीं हें कारणासह खालीं लिहावें.